जळायला हवं होतं ते जळलं नाही : लाडबोरीच्या कड्याचं प्रकरण

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलढाणा, अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी आभाळात पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान कोसळलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात त्या वेळी सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. तिथल्या एका मोकळ्या जागेवर धातूचं एक भलंमोठं कडं धाडकन येऊन पडलं. लोक घाबरून घरात शिरले, बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातल्या पवनपारला एक गोळा सापडला, दीड फुटाच्या आतबाहेरचा. पुढच्या काही दिवसांत आसपास आणखीही वस्तू मिळाल्या. पोलिसांनी सगळं ठाण्यात नेऊन ठेवलं आणि त्याच महिन्यात इस्रोचं पथक येऊन पाहून गेलं. कोणाला इजा झाली नाही.

आमचं गाव त्याच धानपट्ट्यातलं. मी मात्र चौदा वर्षं नागपूरजवळ एका कारखान्यात दाबाच्या टाक्या बनवण्याच्या कामात आहे. रविवारी सकाळीच काकांचा फोन आला.

"अरे, आभाळातून बंडीची धाव पडली म्हणतेत. तू तं टाक्या बनवतेस नं? मंग सांग बरं, एवढं जळत आलं, तं हे कावून नाही जळलं?"

धाव म्हणजे बैलबंडीच्या चाकावर चढवलेलं लोखंडी कडं. मी आधी घाईघाईत उत्तर दिलं, "लोखंड असेल काका, जाड असेल." ते उत्तर चूक होतं, आणि कुठल्या अंगानं चूक होतं ते शोधता शोधता हे टिपण तयार झालं. पुढे दोन वेळा आमच्या ट्रेनी पोरांपुढे मी हेच प्रकरण मांडलं, कारण फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे वस्तू गरजेपेक्षा किती पट मजबूत करायची ते, शिकवायला पुस्तकातल्या तुळईपेक्षा हे बरं पडतं.

आधी वस्तू कोणाची, ते ठरवू. त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचं छोटं रॉकेट सुटलं होतं. वेळ जुळत होती, म्हणून पहिला संशय तिकडे गेला, बातम्यांतही आलं. पण टेप हातात असलेल्या माणसाला हा संशय दोन मिनिटांत बाजूला ठेवता येतो. इलेक्ट्रॉनचा व्यास १.२ मीटर. लाडबोरीचं कडं तीन मीटरच्या आसपास. सव्वा मीटरच्या नळकांड्यातून तीन मीटरचं कडं निघत नाही.

दुसरा उमेदवार होता चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. त्याचा व्यास ३ मीटर. कक्षांचा हिशेब ठेवणारे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या वाय७७ क्रमांकाच्या रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. तो त्याच तासाभरात खाली येणं अपेक्षित होतं आणि त्याची वाटही या पट्ट्यावरूनच जात होती. व्यास, वेळ आणि वाट, तिन्ही जुळतात. मी पुढे हेच धरून चालतो.

हा टप्पा चौदा महिने वर काय करत होता? उपग्रहाला उंच कक्षेत ढकलून दिल्यावर रिकामा टप्पा लांबट कक्षेत उरतो. एक टोक जवळपास छत्तीस हजार किलोमीटरवर, दुसरं टोक पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटरवर. जवळच्या टोकाला विरळ हवा दर फेरीत थोडा वेग खाते, कक्षा आकसत जाते आणि एक दिवस सगळं खाली येतं. तो दिवस कुठल्या गावावर उगवेल हे कोणी ठरवलेलं नसतं. याला अनियंत्रित पुनःप्रवेश म्हणतात.

आता काकांचा प्रश्न. जवळपास पावणेतीन टनांचा रिकामा टप्पा सेकंदाला सातेक किलोमीटरच्या वेगानं हवेत शिरतो. साधारण ७५ ते ८० किलोमीटर उंचीवर त्याचं कवच फाटतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे पातळ पत्र्याच्या मोठ्या टाक्या तिथेच संपतात. आतल्या वस्तू मोकळ्या होऊन आपापल्या वाटेनं निघतात. टायटॅनियमचा वितळणबिंदू जवळपास १६७० अंश, पोलादाचा १४०० ते १५००. आणि काही टाक्यांवर गुंडाळलेले कार्बनचे धागे वितळतच नाहीत. ते कोळशासारखे हळूहळू झिजतात आणि आतल्या धातूला जणू गोधडी पांघरतात.

पण वितळणबिंदू ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी माझ्या "जाड असेल" या उत्तराला उलटी जाते. जड, घट्ट वस्तू वेग टिकवून खालच्या दाट हवेत घुसते आणि तिथे भयंकर तापते. पोकळ, हलकी, आकारानं मोठी वस्तू वरच्या विरळ हवेतच अडखळते, वेग लवकर गमावते, त्यामुळे तिला उष्णतेचा मारा कमी बसतो. सुपातून पाखडताना फोल आणि धान वेगळे होतात, तसंच काहीसं. पोकळ गोळा म्हणजे फोल. मोठं कडं म्हणजेही फोलच, आत सगळी हवा. ते वाचले ते जड होते म्हणून नव्हे, आकाराच्या मानानं हलके होते म्हणून. हलके का होते, याचं उत्तर मात्र माझ्या धंद्यात आहे.

तो गोळा म्हणजे हेलियमसारखा वायू प्रचंड दाबाखाली भरून ठेवायची टाकी. जाणकारांनी फोटो पाहून सांगितलं की आत धातूचं अस्तर आणि बाहेरून रेझिनमध्ये भिजवलेले धागे गुंडाळलेली अशी ती बाटली असावी. इंधनाच्या टाक्यांत दाब टिकवायला, झडपा हलवायला असे गोळे रॉकेटमध्ये असतात. एका टप्प्यावर चार-सहा असू शकतात.

अशी टाकी मला करायला दिली, तर मी काय करीन? हिशेब सोपा पडावा म्हणून धागे सोडून देऊ आणि निव्वळ टायटॅनियमचा गोळा धरू. हे आकडे माझे, पवनपारच्या गोळ्याचे नव्हेत. व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या २२५ मिलिमीटर. आतला दाब २०० बार, म्हणजे २० मेगापास्कल. चांगल्या टायटॅनियम मिश्रधातूचं तुटण्याचं बळ ९०० मेगापास्कल धरा. गोळ्याच्या भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. भिंत नेमकी तुटण्याच्या काठावर असेल अशी जाडी येते अडीच मिलिमीटर.

अडीचची टाकी कोणी करत नाही. आमच्या कारखान्यात जमिनीवरच्या टाक्यांसाठी जो संहिता-ग्रंथ वापरतात, त्यात तुटण्याच्या बळाला ३.५ नं भागायचं. म्हणजे जाडी पावणेनऊ मिलिमीटर, वजन पंचवीस किलोच्या घरात. अंतराळातल्या अशा टाक्यांना मात्र फुटण्याचा गुणक साधारण १.५ चालतो. जाडी ३.७५ मिलिमीटर, वजन साडेदहा किलो. एका गोळ्यामागे चौदा किलो वाचले. सहा गोळे म्हणजे ८४ किलो. शेवटच्या टप्प्याचं गणित निर्दयी असतं: टप्प्यावर एक किलो वाढला की उपग्रहातला एक किलो कमी होतो. म्हणून तिथे ३.५ वापरणारा इंजिनिअर नोकरीवर टिकत नाही.

घरातलं उदाहरण हवं असेल तर गॅसचं सिलिंडर पाहा. आत १४.२ किलो गॅस, आणि रिकामं सिलिंडर पंधरा-सोळा किलोचं. भांडं आतल्या मालापेक्षा जड! त्याला धाब्यावरून खाली फेकतील, उन्हात बंडीवर लादतील, लाथेनं लोळवतील, हे धरूनच ते बनवलेलं असतं. रॉकेटला हा उधळेपणा परवडत नाही.

इथे पोरं दोन शब्दांत गल्लत करतात, म्हणून जरा थांबतो. फॅक्टर म्हणजे आधी ठरवून दिलेला गुणक: अपेक्षित भाराच्या दीडपट पेललं पाहिजे. मार्जिन म्हणजे ती अट पुरी करून वर हातात उरतं ते. माझ्या गोळ्याला ३.७५ हवे होते आणि बाजारात ४ मिलिमीटरचा पत्रा मिळाला, तर ४ भागिले ३.७५, वजा १, म्हणजे ०.०६७. मार्जिन साडेसहा टक्क्यांच्या वर. शून्य मार्जिन म्हणजे धोका नव्हे. शून्य म्हणजे अट तंतोतंत पुरी झाली. विमान-रॉकेटच्या डिझाइनरच्या तक्त्यात मार्जिन मोठं दिसलं तर त्याचा वरिष्ठ खूश होत नाही. "एवढं वजन कशाला नेतोयस?" असं विचारतो.

मग दीडवर भागतं कसं? आमच्या गावचा सुतार बंडीचा आख करतो तेव्हा तो गुणक सांगत नाही, पण अंगाला दुपटी-तिपटीची भर ठेवतो. कारण त्याला लाकडाची गाठ आतून दिसत नाही, मालक किती पोती लादेल ते ठाऊक नाही, पांदणीतला खड्डा किती खोल तेही नाही. ती भर म्हणजे त्याच्या न-कळण्याची किंमत. रॉकेटवाले तीच किंमत वेगळ्या नाण्यात मोजतात. प्रत्येक जोडाचा क्ष-किरण फोटो, प्रत्येक टाकीला कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबानं परीक्षा, धातूच्या प्रत्येक लॉटचे नमुने तोडून पाहणं. जेवढं कळतं, तेवढी भर काढून घेता येते.

विमानांसाठीचा दीडचा गुणक विमान बनवणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो. उड्डाणात जास्तीत जास्त जो भार येईल तो लिमिट लोड. मोठ्या प्रवासी विमानाला वळणा-वाऱ्यात वजनाच्या किमान अडीचपट भार सोसावा लागेल असं धरतात, आणि तेवढ्यात काहीही कायमचं वाकता कामा नये. त्याच्या दीडपट तो अल्टिमेट. तिथे वाकलं तर चालेल, पण किमान तीन सेकंद तुटता कामा नये. हा दीडचा आकडा १९३० च्या दशकात अमेरिकेत रुळला आणि आजही नियमात आहे. बोइंग ७७७ चा पंख जानेवारी १९९५ मध्ये मुद्दाम वाकवत नेला, तो लिमिटच्या १५४ टक्क्यांवर तुटला. त्या आकड्याचं मला फार कौतुक आहे. दोनशेवर तुटला असता तर बरंच ॲल्युमिनियम जन्मभर फुकट वाहिल्यासारखं झालं असतं. एअरबस ए३८० चा पंख फेब्रुवारी २००६ मध्ये १४५ च्या आसपास गेला. मग तिथे थोडी मजबुती वाढवावी लागली. माणसं न नेणाऱ्या रॉकेटच्या सांगाड्यात १.२५ सुद्धा चालतं. माणसं बसणार असतील तर सहसा १.४.

हे सगळं काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे त्याइनं पातर बनवलं, अन् तरी आमच्या गावात साबूत आलं?"

हो, आणि इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. डिझाइनरच्या टेबलावर भारांची एक यादी असते. उड्डाणाचा धक्का, हवेचा सर्वांत मोठा रेटा, इंजिनाची थरथर, टाकीतला दाब, टप्पे सुटतानाचा हिसका. प्रत्येक ओळीपुढे भार, गुणक, मार्जिन. सगळी मार्जिनं शून्याच्या वर असली की सही होते. त्या यादीतली शेवटची ओळ उपग्रह सुटण्याची असते. त्यानंतर टप्पा कागदावर मेलेला. चौदा महिन्यांनी तो हवेत परत शिरेल, फाटेल आणि त्यातला गोळा एखाद्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पडेल, ही ओळ त्या यादीत नसते, आणि असलीच तरी गोळ्यानं तिथे टिकू नये अशी ती असायला हवी.

म्हणजे ज्या गुणांसाठी गोळ्याला चांगला धातू दिला, गोल आकार दिला, धागे गुंडाळले, हलकं ठेवलं, त्याच गुणांनी त्याला खालपर्यंत आणलं. वजन वाचवण्याची कंजुषी आणि दाब पेलण्याची ताकद, दोन्ही हातात हात घालून पवनपारला उतरल्या. कड्याचंही तेच. पातळ नळकांडं दाबाखाली चिपू नये म्हणून टोकाला असं कडं बसवतात. बंडीच्या चाकाला धाव चढवतात त्यातला अर्धा विचार तोच, आऱ्या-पाट्यांना आवळून गोल ठेवण्याचा. काकांनी पहिल्याच फोनमध्ये धाव म्हटलं होतं. मी हसलो होतो, उगीच हसलो.

पडताना काय होतं, तेही मोजू. माझा चार मिलिमीटरचा गोळा ११ किलोचा. हवेत पडताना त्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास स्थिरावतो, ताशी १८० किलोमीटर. तोफगोळ्याच्या मानानं काहीच नाही. जमिनीत थोडा रुतेल, फुटणारही नाही. पण त्यातली ऊर्जा चौदा हजार जूल. अवकाश-कचऱ्याच्या धोक्याच्या गणितात माणसाला इजा होण्याची सीमा १५ जूल धरतात. कवेलूच्या घराचं छप्पर त्याला थांबवणार नाही. पुनःप्रवेशात कोणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असावी, असा दंडक पुष्कळ देश पाळतात, निदान कागदावर. पण तो आकडा साऱ्या जगाच्या लोकसंख्येवर पसरलेला असतो. लाडबोरीत त्या संध्याकाळी चूल पेटवून बसलेल्या बायकांसाठी तो आकडा काय कामाचा, हे मला ट्रेनी पोरांना सांगता येत नाही.

हे फक्त चीनचं आहे असं समजून कोणी हात झटकू नयेत. १९९७ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा २ रॉकेटची पोलादी टाकी आणि टायटॅनियमचा गोळा टेक्सासात पडला. वर्णन वाचलं तर पवनपारचीच बातमी वाटते. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठं नळकांडं लागलं, आणि ते बहुधा आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं तिथल्या अवकाश संस्थेनं सांगितलं.

उपाय दोन दिशांनी होतात. पहिली दिशा, पडायची जागा स्वतः निवडायची. काम झाल्यावर थोडं इंधन राखून इंजिन पुन्हा पेटवायचं आणि दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागात टप्पा बुडवायचा. लांबट कक्षेतल्या टप्प्याला दूरच्या टोकाला दिलेला छोटासा उलटा धक्काही पुरतो. पण इंजिन पुन्हा पेटणारं हवं, बॅटरी तोवर जिवंत हवी, इंधन उरलेलं हवं. प्रत्येकाचं वजन, आणि वजन म्हणजे वर सांगितलं तेच रडगाणं. इस्रोनं २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं आहे.

दुसरी दिशा मला जास्त भावते, कारण ती माझ्या धंद्याला उताणं पाडते. वस्तू अशी बनवायची की ती परत येताना नक्की मोडेल. टायटॅनियमऐवजी ॲल्युमिनियमची टाकी, लवकर वितळून सुटणारे जोड, आतल्या वस्तू वरच्या उंचीवरच उघड्या पडतील अशी मांडणी. जन्मभर आम्ही "टिकलं पाहिजे" या बाजूचं मार्जिन काढतो; इथे त्याच वस्तूसाठी "टिकता कामा नये" या बाजूचंही मार्जिन काढायचं. दोन्ही शून्याच्या वर हवीत, आणि दोन्ही एकाच भिंतीच्या जाडीतून काढायची. ॲल्युमिनियमची टाकी सहसा जड पडते, म्हणजे पुन्हा किलोंचा वाद. पोरांना मी गृहपाठ दिला तो हाच: तोच गोळा ॲल्युमिनियमचा करा, बळ ४५० मेगापास्कल धरा, वजन काढा. जाडी साडेसात मिलिमीटर येते, वजन तेरा किलोच्या आसपास. म्हणजे गोळ्यामागे अडीच-तीन किलो जास्त. एक मुलगा म्हणाला, "सर, तीन किलोच तं आहे." त्याला तिसऱ्या टप्प्यावरचा एक किलो म्हणजे काय, हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. तरी खरं सांगायचं तर मनातून मी त्याच्याच बाजूचा होतो.

काकांना शेवटी एकच व्यवहाराचं विचारायचं होतं. पुढच्या वेळी गोळा त्यांच्या बांधीत पडला आणि परा, म्हणजे धानाची रोपं, मोडला, तर भरपाई कोण देणार? मी सांगितलं, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानं जमिनीवरच्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशाची, चूक सिद्ध करायची गरज नाही. मागणी मात्र आपल्या सरकारनं त्यांच्या सरकारकडे करायची. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात पडला तेव्हा कॅनडानं साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

"अन् तो गोळा? तो कोनाचा?"

"त्यांचाच. १९६८ चा करार आहे. त्यांनी मागितला तर परत द्यावा लागतो, खर्च त्यांचा."

"अन् नाही मांगला तं?"

"मग राहील आपल्याकडेच, तपासायला."

काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोनी मांगत नाही रे असं. मांगलं म्हंजे आपलं होतं हे कबूल करा लागते."